सहाव्या होलची वाळू

खिजरचाचा चहा बशीत ओतून प्यायचे, पण बशी कधी फुंकायचे नाहीत. निवेपर्यंत थांबायचे. खोलीतून बाहेर पडताना दारात वळून, आपण जिथून चालत आलो ती फरशी बघायचे. बोलताना समोरच्याच्या हातातली वस्तू काढून घ्यायचे आणि बोलणं संपलं की परत द्यायचे. डाव्या खिशात गोल्फचा पिवळा पडलेला एक चेंडू असायचा. रिक्षात बसले की तो काढून अंगठ्यानं फिरवत राहायचे. कात्रीला धार लावून झाली की ती हातावरच्या केसांवर चालवून पाहायचे. त्यामुळे त्यांचा डावा हात कायम गुळगुळीत. कुणी 'अंदाजे' म्हणालं की चिडायचे. स्वतः मात्र सगळं अंदाजानं करायचे.

ते गेले त्याला अजून महिना झालेला नाही. क्लबच्या ऑफिसात पाऊल वाजलं की मी टेबलावरचं पेन उचलून ड्रॉवरमध्ये टाकते. ते काढून घेतील म्हणून.

खिजर शिकलगार. उद्यमनगरात त्यांचं धार लावायचं आणि लेथचं छोटं दुकान होतं. गवत कापायच्या यंत्रांची पाती, शिंप्यांच्या कात्र्या, कुणाच्या घरची विळी, काहीही यायचं. लहानपणी ते माळावर गोल्फच्या पिशव्या उचलायचे. पुढे क्लबच्या काठ्या दुरुस्त करू लागले, मग स्वतः खेळू लागले. सत्तरीला आले होते. आवाज असा, की पहिल्या होलवर बोलले तर तिसऱ्यावरचा माणूस मान वर करायचा.

मी मुरगूडची. मराठी घेऊन एम.ए. केलं. क्लबला नव्वद वर्षं होतायत, त्याची स्मरणिका लिहायला मला ठेवलं होतं. गोल्फचा चेंडू मी त्याआधी हातात धरला नव्हता. पहिल्या दिवशी ऑफिसात एक म्हातारा माणूस आला आणि माझ्या हातातली पट्टी त्यानं काढून घेतली.

"कोन गाव, पावणं?"

"मुरगूड."

"मुरगूडची, आन् गोल्फवर लिवनार?"

"हो."

"बरं हाय. मी शिकलगार आन् गोल्फ खेळतो. दोघं बी चुकीच्या जागी आलोय." पट्टी परत दिली. "माझं नाव खिजर. काय बी लिव, पर वाळूचं खरं लिव."

वाळूचं म्हणजे काय ते मला पुढच्या काही आठवड्यांत कळलं.

गोल्फचा माळ शहराच्या दक्षिणेला आहे. संस्थानच्या काळात तो तयार झाला. नऊ होल, म्हणजे चेंडू मारत जायचे नऊ टप्पे. चेंडू शेवटी ज्या गोल, सपाट जागेवरच्या भोकात घालायचा, तिला ग्रीन म्हणतात. ती गवताची असते. पण पाणी नसलेल्या माळांवर तिथं वाळू घालायचे. तिला ब्राऊन म्हणायचे. नुसती वाळू वाऱ्यानं उडते, म्हणून तिला इंजिनातलं जळकं तेल पाजायचं. तेल प्यालेली वाळू दबून बसते आणि चेंडू तिच्यावरून सरळ घरंगळतो. मात्र पावलं उमटतात. म्हणून एक रीत होती. ज्याचा चेंडू शेवटी भोकात जाईल, त्यानं गोणपाट ओढत भोकापासून बाहेर गोल गोल जायचं आणि सगळ्यांची पावलं पुसायची. मोठा असो, लहान असो. शेवटचं पाऊल बाहेर पडलं की मागं काही उरायला नको.

खिजरचाचा दारात वळून फरशी का बघतात, ते मला तेव्हा समजलं.

बोअर पडल्यावर क्लबनं एकेक करत आठ जागी गवत लावलं. सहावा होल लांब, पार कडेला. तिथं पाणी पोचलं नाही. तिथं वाळूच राहिली. ती वाळू खिजरचाचांच्या वडिलांनी, चमन शिकलगारांनी, आयुष्यभर राखली आणि त्यांच्यानंतर यांनी.

आता नव्वदीच्या निमित्तानं माळ 'मूळ होता तसा' करायचं ठरलं होतं. पुण्याहून सम्राट नावाचा एक तरुण आराखडा करायला आला होता. वाद सुरू झाला तो तिथं. मूळ होता तो कसा होता?

विजयसिंह क्लबचे अध्यक्ष. लहानपणी त्यांचीच पिशवी खिजरचाचा उचलायचे आणि त्यांना बाबासाहेब म्हणायचे. दोघं एका वयाचे. विजयसिंहांचं म्हणणं, मुळात सगळीकडे गवत होतं. वाळू नंतर आली, ती काढायची. खिजरचाचांचं म्हणणं, पहिल्या दिवसापासून वाळू होती. अब्बांनी सांगितलं होतं: या माळावर पहिली पाटी वाळू मी टाकली.

बैठकीत एक जुना फोटो टेबलावर ठेवला होता. कोट घातलेला एक साहेब, हातात काठी, मागं माळ आणि माळावर फिकट गोल चकती.

"हे गवत आहे," विजयसिंह म्हणाले.

"वाळू हाय."

"वाळू इतकी एकसारखी दिसत नाही, खिजर."

"माझ्या अब्बाची दिसायची."

"अरे, उन्हाळ्यात वाळलेलं गवत आहे ते. म्हणून फिकट आलंय."

"उन्हाळा? मग साहेब कोट घालून का उभा हाय?"

"साहेब लोक घालायचे बारा महिने."

"म्हंजे साहेब येडा, पर गवत खरं. बरं हाय की!"

सगळे हसले. विजयसिंहही हसले. सम्राट हसला नाही. त्यानं फोटो उचलून उजेडाकडे धरला, तेवढ्यात खिजरचाचांनी तो त्याच्या हातातून काढून घेतला.

"फोटोवरून नाही ठरणार," सम्राट म्हणाला. "गवत असतं तर पाणी लागलं असतं. इतक्या लांब पाणी न्यायची जुनी काही सोय सापडली, तर गवत. नाही सापडली, तर वाळू. मग सहावा आहे तसाच ठेवू. मी आराखडा बदलतो."

"सापडायची न्हाय."

"खणून बघावं लागेल."

"खणा की! तुमी कशाला, मी सोता खणतो." खिजरचाचा उभे राहिले. "माझ्या वाळूखाली मुरूम निघंल. निस्ता मुरूम. बाबासाहेब, बोला, मंजूर?"

"मंजूर," विजयसिंह म्हणाले.

फोटो परत टेबलावर ठेवून चाचा निघाले. दारात वळले, फरशी पाहिली.

त्या संध्याकाळी ते मला घरी जेवायला घेऊन गेले. खैरुनबी, त्यांची बायको, भाकरी थापत होत्या. त्यांनी विचारलं, "काय ठरलं मातीचं?"

"माती न्हवं, वाळू."

"तेच ते. चाळीस वर्सं कपड्यातनं झाडते मी ती."

जेवताना चाचा म्हणाले, "अब्बाचा एक फोटू न्हाय आमच्याकडं. काढलाच न्हाय कुनी. कबरीवर नावाचा दगड बी न्हाय. माझ्या पोरीच्या पोराला दाखवायचं म्हटलं, ह्यो तुझ्या आईचा आजा, तर हाय काय? ती चकती हाय. तेवडीच."

"आणि ती मूळची ठरली नाही तर?" मी विचारलं.

"अब्बा खोटं बोलत न्हवता," ते म्हणाले. मग भाकरीचा तुकडा ताटात ठेवून पुन्हा तेच म्हणाले.

खणायला आम्ही सकाळी गेलो. ऊन कोवळं होतं, गवतावर दव. लांब रस्त्यावरून उसाच्या गाड्या चालल्याचा आवाज येत होता. सम्राट येणार होता, पण त्याला ताप होता. विजयसिंह म्हणाले होते, खिजर खणतोय ना, मग मी कशाला उभा राहू तिथं.

चाचांनी चपला बाहेर काढल्या. कडेच्या बाजूला फावड्याच्या टोकानं एक चौकोन आखला. वाळूचा थर त्यांनी वडी कापावी तसा कापला आणि उचलून गोणपाटावर ठेवला. वर कोरडी, खाली काळी, चिकट, दाबलेली वाळू. वर्षांवर्षांचे थर दिसत होते. त्यांनी एका थरावर बोट ठेवलं.

"हितनं खाली अब्बा. वर मी."

मग खाली गेले. वाळू संपली. मुरूम लागायला हवा होता. माळ सगळा मुरमाचाच आहे. पण फावड्यावर आली ती काळी माती. मऊ. गाळाची.

ते थांबले. मातीचं ढेकूळ त्यांनी हातात चुरडलं. आत केसांसारखी बारीक, वाळलेली मुळं होती. ती त्यांनी फुंकली नाहीत, बोटानं बाजूला केली आणि नुसती बघत राहिले. मग पुन्हा खणायला लागले. आता जोरात. मी म्हणाले, "चाचा, हळू." त्यांनी ऐकलं नाही. फावडं कशावर तरी वाजलं.

खापरी नळ होता. भाजलेल्या मातीचा, तांबडा, मनगटाएवढा. एकात एक अडकवलेले तुकडे, जुन्या विहिरीच्या दिशेनं गेलेले. अलीकडचं तोंड विटेचा तुकडा आणि चुना घालून बंद केलेलं होतं.

चाचा खड्ड्याच्या काठावर बसले. त्यांनी नळावर बोटाच्या पेरानं टकटक केली, दार वाजवावं तशी.

मी म्हणाले, "दुसऱ्या कशासाठी असेल."

"माळावर दुसरं काय हाय? बेडकांस्नी आंगूळ घालत हुते व्हय?"

मला हसू आलं नाही. त्यांनाही नाही.

मी म्हणाले, "तोंड बंद केलंय म्हणजे कुणीतरी ठरवून पाणी थांबवलंय. दुष्काळ पडला असेल. वस्तीला पाणी द्यायला गवत सोडलं असेल. आणि मग वाळू घातली असेल, चमनचाचांनी."

"असंल," ते म्हणाले. "नसंल बी."

"स्मरणिकेत तसं लिहिता येईल."

"म्हाईत न्हाय ते लिवायचं न्हाय." त्यांनी माझ्या हातातली पाण्याची बाटली काढून घेतली. "तू काय बगितलंस?"

"नळ."

"मग तेवडंच सांगायचं."

बाटली परत दिली. खड्डा त्यांनी बुजवला. माती मातीच्या जागी, वाळूची वडी वर. पायानं दाबली. नळाच्या जागी एक खुंटी ठोकली, सम्राटला सापडावी म्हणून. मग गोणपाट घेतलं आणि भोकापासून गोल गोल बाहेर येत आमची दोघांची पावलं पुसली. बाहेर आल्यावर चपला घातल्या आणि म्हणाले, "चल. बाबासाहेबांकडं."

विजयसिंह व्हरांड्यात पेपर वाचत होते. चाचा पायरीवरच थांबले. त्यांचे हात कोपरापर्यंत काळे होते.

"बाबासाहेब, गवतच हुतं."

विजयसिंहांनी पेपर खाली ठेवला. "कशावरून?"

"अब्बाच्या वाळूखाली गाळ हाय. आन् पान्याचा नळ. हिनं बी बगितला."

मला वाटलं होतं, विजयसिंह काहीतरी बोलतील. जिंकल्यासारखं. ते उठले, आत गेले आणि स्वतः चहाचे कप घेऊन आले. चाचांनी चहा बशीत ओतला. थांबले. विजयसिंहही थांबले.

"चमनचाचा खोटं बोलणारा माणूस नव्हता, खिजर."

"न्हाईच. मी रस्त्यानं त्योच इचार करत आलो." बशी अजून हातातच होती. "त्यानं पहिली पाटी टाकली असंल. टाकलीच असंल. पर ती वाळूची पहिली. माळाची न्हवं. अब्बा तवा पोरच हुता, आदी काय हुतं त्ये त्याला कोन सांगतंय? त्याला जितनं दिसलं तितनं त्यानं सांगितलं. मी त्येच धरून बसलो."

चाचांनी चहा संपवला.

"आता काडायची वाळू," ते म्हणाले. "ठरलं ते ठरलं. पर एक हाय. ह्या पावसाळ्यात मी तेल पाजलं न्हाय. कोरडी पडलीया. अशी न्हाय काडायची. एकदा नीट करतो. मग तुमी आन् मी एक डाव खेळायचा. सहाव्यावरच. मग आना तुमचं खनायचं मशीन."

"किती दिवस लागतील?"

"अंदाजे..." चाचा थांबले. आपल्यावरच चिडल्यासारखी मान हलवली. "झालं की सांगतो."

"झालं की सांग," विजयसिंह म्हणाले. "तोवर मशीन तिकडं जाणार नाही. आणि हरलास तर गोणपाट तू ओढायचंस."

"गोणपाट जितनारा बी वडतो. ज्याचा चेंडू शेवटी जातो त्यो. लहानपनापासनं सांगतोय, तुमच्या डोसक्यात शिरत न्हाय."

विजयसिंह खूप हसले. पायऱ्या उतरताना चाचा मात्र कठड्याला धरून उतरले. तसं मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं.

पुढच्या दिवसांत ते रोज माळावर असायचे. उद्यमनगरातल्या गॅरेजांतून जळकं तेल गोळा करून डब्यांत भरून आणायचे. दुकानाला कुलूप. गिऱ्हाइकांना सांगायचे, विळी बोथट राहिली म्हणून कुनी मरत न्हाय. मी दुपारचा डबा घेऊन तिकडे जायचे आणि कडेला बसून स्मरणिकेची प्रुफं तपासायचे.

काम भोकापासून सुरू करायचं आणि बाहेर यायचं, गोल. मूठभर वाळू घ्यायची, तेल शिंपडायचं, तळहातावर चोळायची. मुठीत दाबली की लाडवासारखी राहिली पाहिजे आणि बोट लावलं की फुटली पाहिजे. मग ती जागेवर पसरून फळीनं दाबायची. एक फेरा पूर्ण झाला की खिशातला पिवळा चेंडू काढून भोकाकडे सोडायचा. वाकडा गेला तर तेवढा फेरा पुन्हा. माझ्या डोळ्यांना तो कधीच वाकडा गेलेला दिसला नाही. त्यांना दिसायचा.

"इतकं कशाला, चाचा? काढायचीच आहे," मी एकदा म्हणाले.

"म्हनून तर," ते म्हणाले.

एकदा मी विचारलं, वाईट वाटतं का. ते तेल चोळत राहिले. मग म्हणाले, "वाईट कशाचं? अब्बा आदी काय हुतं ते न बगता गेला. मी बगितलं. येवडाच फरक." थोड्या वेळानं म्हणाले, "नळ बसवनारा बी कुनाचा तरी अब्बा असंल की."

हे मी त्यांच्यासमोर लिहून घेतलं नाही. घरी आल्यावरही नाही. ते लक्षात राहिलं.

शेवटच्या दिवशी त्यांनी मी नेलेला डबा उघडलाच नाही. आज घरला जाऊन जेवतो म्हणाले, खैरुननं मटण केलंय. "चार वाजता येतो. ह्यो फेरा संपवायचा हाय." माझं पेन त्यांच्या हातात होतं. ते मला परत देऊन निघाले. चालताना दोन्ही हात अंगापासून लांब धरले होते, कपड्यांना तेल लागू नये म्हणून.

जेवले. हात धुतले. पडतो थोडा म्हणाले. चार वाजायच्या आधी उठवायला खैरुनबी गेल्या.

मला विजयसिंहांचा फोन आला. "निशिगंधा, खिजर गेला."

मी म्हणाले, "हो, जेवायला. चार वाजता येणारेत."

ते पलीकडे फोन धरून राहिले.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी बायकांच्या खोलीत बसले होते. खैरुनबी भिंतीला टेकून बसल्या होत्या. कुणी काही बोललं की त्या मान हलवायच्या. एकदाच बोलल्या, माझ्याकडे बघून. "किती घासलं. नखातलं तेल न्हाईच गेलं."

आठवड्यानं मशीन आलं. बाकीच्या आठ होलांवर ठरलेली कामं झाली. मग ते सहाव्याकडे वळलं. विजयसिंह तिथं काठी टेकून उभे होते. मीही होते.

सम्राट हळू आवाजात म्हणाला, "सर, इथलंही आज उरकून घेऊ? नळ मोकळा करता येईल."

"नको."

"मग कधी?"

"त्यानं झालं म्हणून सांगितलेलं नाही अजून," विजयसिंह म्हणाले.

सम्राटनं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. मशीन मागं फिरलं. पुढं काय होईल मला माहीत नाही. समितीत इतरही माणसं आहेत.

स्मरणिकेत मी लिहिलं: मुळात सहाव्या होलचं ग्रीन गवताचं होतं. तिथं खापरी नळ सापडला आहे. पुढे तिथं वाळू होती. ती चमन शिकलगार आणि त्यांचे चिरंजीव खिजर शिकलगार यांनी राखली. एवढंच. बघितलं तेवढंच.

मशीन गेल्यावर मी तिथं थोडा वेळ थांबले. भोकाभोवती काळी, दाबलेली चकती होती. ती जिथं संपत होती तिथं फेरा अर्धाच झालेला होता. त्याच्या टोकाशी फळी पडली होती आणि तेलाचा डबा, झाकण लावलेला. डब्यात तेल होतं. फळीशेजारी पिवळा चेंडू. घरी जाताना तो त्यांनी खिशात घातला नव्हता. पलीकडची वाळू कोरडी, फिकट.

गोणपाट घडी घालून कडेला ठेवलेलं होतं. चार वाजता परत यायचं होतं म्हणून त्यांनी ते ओढलं नव्हतं. फेऱ्याच्या टोकापासून बाहेर, चपला काढल्या होत्या तिथपर्यंत, कोरड्या वाळूत त्यांची अनवाणी पावलं होती. उथळ होत चाललेली. कुणी पुसलेली नव्हती.